सायटोमेगॅलोव्हायरस संसर्गाच्या प्रयोगशाळा-निदानाचा इतिहास (१८८१ ते २०२३) : एक चिकित्सक अभ्यास

बीजशब्द : सायटोमेगॅलोव्हायरस, प्रयोगशाळा-निदान, ऊतिसंवर्धन, प्रतिपिंड, टॉर्च चाचणी, जन्मजात श्रवणदोष

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राच्या इतिहासलेखनात रोग, औषधे आणि थोर वैद्य यांना जेवढे स्थान मिळाले तेवढे चाचण्यांना मिळालेले नाही. चाचणी म्हणजे केवळ साधन, असा सर्वसाधारण समज त्यामागे असावा. वस्तुतः प्रत्येक चाचणी विशिष्ट काळात, विशिष्ट रुग्णांपुढे उभ्या राहिलेल्या विशिष्ट प्रश्नातून जन्माला आलेली असते. पुढे ती दुसऱ्या देशात व दुसऱ्या प्रश्नासाठी वापरली जाऊ लागते, तेव्हा तिच्या मूळ मर्यादा तिच्यासोबत जातातच. त्या मर्यादांची स्मृती मात्र बहुधा मागे राहते. प्रस्तुत लेखात सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूच्या चाचण्यांचा इतिहास या दृष्टीने तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

हा विषाणू हर्पिस कुळातील आहे. लाळ, मूत्र, मातेचे दूध, लैंगिक संबंध, रक्त आणि वार या मार्गांनी तो एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातो. निरोगी माणसाला त्याचा संसर्ग झाल्याचे बहुधा कळतही नाही. एकदा शिरलेला विषाणू जन्मभर शरीरात सुप्तावस्थेत राहतो आणि अधूनमधून पुन्हा जागा होतो. गर्भाशयातील अर्भक, अवयव-प्रत्यारोपण झालेला रुग्ण आणि एड्सने प्रतिकारशक्ती खचलेला रुग्ण यांच्या बाबतीत मात्र तो बहिरेपणा, अंधत्व, मेंदूची अपुरी वाढ किंवा प्रत्यक्ष मृत्यू घडवू शकतो. त्यामुळे या विषाणूच्या चाचणीला आरंभापासून तीन निरनिराळे प्रश्न विचारले गेले. विषाणू आहे काय? तो केव्हापासून आहे? आणि समोर दिसणाऱ्या आजाराचे कारण तोच आहे काय? पहिल्या प्रश्नाचे खात्रीलायक उत्तर १९५६–५७ मध्ये मिळाले. त्यानंतरचा सारा इतिहास हा उरलेल्या दोन प्रश्नांशी चाललेल्या झटापटीचा आहे, आणि आपल्याकडे या चाचणीचा जो वापर रूढ झाला तो हे दोन प्रश्न विसरल्यामुळे झाला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सूक्ष्मदर्शकाखालील मोठ्या पेशी

१८८१ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ ह्यूगो रिबर्ट यांना एका मृतजात अर्भकाच्या मूत्रपिंडात विलक्षण मोठ्या आकाराच्या पेशी आढळल्या. त्या काय आहेत हे त्यांना उमगले नाही आणि त्यांनी ते निरीक्षण प्रसिद्धही केले नाही. १९०४ मध्ये येझिओनेक आणि किओलेमेनोग्लू यांनी उपदंशग्रस्त समजल्या गेलेल्या आठ महिन्यांच्या गर्भाच्या अवयवांत तशाच पेशी पाहिल्या व त्यांचे वर्णन छापले. ते वाचल्यावर रिबर्ट यांना आपल्या जुन्या निरीक्षणाचा अर्थ लागला आणि तेवीस वर्षांनी त्यांनी ते जाहीर केले. विज्ञानाच्या इतिहासात असे अनेकदा घडते. दिसलेली वस्तू नोंदण्यासाठीसुद्धा तिला सामावून घेणारी कल्पना आधी हाताशी असावी लागते.

त्या काळी हाताशी असलेली कल्पना होती आदिजीवाची. हिवतापाचा परजीवी नुकताच उलगडला होता, अमीबाजन्य आमांशाची चर्चा सुरू होती. साहजिकच या पेशी म्हणजे एखादा आदिजीव असावा असे मानले गेले. १९१० मध्ये स्मिथ आणि वाइडमन या अमेरिकन संशोधकांनी तर या ‘जीवा’ला अमीबाच्या जातीचे लॅटिन नावही देऊन टाकले. अस्तित्वातच नसलेल्या प्राण्याचे असे रीतसर बारसे झाले!

हा गैरसमज दूर होण्यास १९२१ हे वर्ष उजाडावे लागले. अर्नेस्ट गुडपाश्चर आणि फ्रिट्झ टॅलबट यांनी दाखवून दिले की, या पेशी परक्या नसून शरीराच्याच आहेत, फक्त त्या कमालीच्या फुगल्या आहेत. कांजिण्यांच्या फोडांतील पेशींशी त्यांचे साम्य आहे हेही त्यांच्या लक्षात आले. पेशी मोठी होण्याच्या या विकृतीला त्यांनी वापरलेला ‘सायटोमेगॅलिया’ हा शब्द पुढे विषाणूच्या नावातच शिरला. अशा पेशीच्या केंद्रकात एक गडद गोळा असतो व त्याभोवती फिकट वलय असते. विकृतिशास्त्रज्ञ त्याला ‘घुबडाचा डोळा’ म्हणतात आणि शरीराच्या तुकड्याची तपासणी करताना आजही हीच खूण शोधली जाते. १९२५ मध्ये फॉन ग्लान आणि पापेनहायमर यांना प्रौढ रुग्णातही ही खूण सापडली आणि त्यांनी तिचा संबंध हर्पिससदृश विषाणूशी जोडला.

१९२६ मध्ये रूफस कोल आणि ॲन कटनर यांनी गिनिपिगवर केलेले प्रयोग येथे विशेष उल्लेखनीय आहेत. गिनिपिगच्या लाळग्रंथींत तशाच मोठ्या पेशी आढळत असत. त्या ग्रंथींचा अर्क जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळल्यावरही त्याची संसर्गक्षमता टिकते, म्हणजेच कारण विषाणू आहे, हे त्यांनी सिद्ध केले. परंतु हा प्रयोग कोवळ्या प्राण्यांवरच यशस्वी होत असे. प्रौढ गिनिपिगांपैकी बहुतेकांना तो संसर्ग आधीच होऊन गेलेला असे आणि तरीही ते धडधाकट दिसत. सर्वांच्या शरीरात वसणारा आणि बहुतेकांना न छळणारा विषाणू हे चित्र त्या प्रयोगशाळेतील पिंजऱ्यांतच पुरते स्पष्ट झाले होते. मानवाच्या बाबतीत त्याचा बोध व्हायला आणखी तीस वर्षे लागली. १९३२ मध्ये बॉस्टनच्या फार्बर आणि वोल्बाख यांनी निरनिराळ्या कारणांनी दगावलेल्या बालकांच्या लाळग्रंथी तपासल्या, तेव्हा सुमारे १२ टक्के बालकांत या पेशी आढळल्या. मृत्यूचे कारण पुष्कळदा भलतेच होते.

जिवंत रुग्णाचे पहिले निदान

येथवरचे सारे निदान शवविच्छेदनाच्या टेबलावर होत होते, म्हणजे आईवडिलांना त्याचा काही उपयोग नव्हता. १९५० मध्ये वायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवले की, मूत्रपिंडातील या पेशी मूत्रातून बाहेर पडत असल्या पाहिजेत, तेव्हा मूत्राच्या गाळात त्या शोधाव्यात. १९५२ मध्ये जॉर्ज फेटरमन यांनी एका आजारी नवजात अर्भकाच्या मूत्राचा गाळ काचपट्टीवर पसरून, रंगवून तपासला आणि त्यात त्या मोठ्या पेशी त्यांना सापडल्या. मूल जिवंत असताना झालेले हे पहिले निदान मानले जाते.

ही चाचणी अत्यंत स्वस्त होती. काचपट्टी, रंग, सूक्ष्मदर्शक आणि पाहणाऱ्याचे तयार डोळे एवढेच तिला लागत असे. पण पेशी मूत्रात सतत पडत नाहीत, पडल्या तरी लवकर विघटित होतात. म्हणून ताजा नमुना पुनःपुन्हा तपासावा लागे, आणि गंभीर आजारी अर्भकांपैकीही अनेकांत काहीच सापडत नसे. पेशी सापडली तर निदान पक्के. न सापडली तर काहीच सांगता येत नाही, अशी तिची अवस्था होती.

तीन शहरे, एक विषाणू

१९४९ मध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू चेतासंस्थेबाहेरील मानवी ऊतींत, काचेच्या नळीत वाढवून दाखवला. या कार्यासाठी त्यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या तंत्रामुळे विषाणुशास्त्राचा कायापालट झाला. सायटोमेगॅलोव्हायरस हाती आला तोही याच तंत्राने, आणि तो जवळजवळ एकाच वेळी तीन अमेरिकन प्रयोगशाळांत, तिन्ही ठिकाणी निरनिराळ्या वाटेने सापडला.

सेंट लुईस येथील मार्गारेट स्मिथ या विकृतिशास्त्रज्ञ विदुषींनी ही वाट जाणीवपूर्वक धरली होती. १९५४ मध्ये त्यांनी उंदराच्या लाळग्रंथीतील विषाणू उंदराच्याच पेशींत वाढवला. हे विषाणू ज्या प्राण्याचे त्याच प्राण्याच्या पेशींत वाढतात, इतरत्र नाही, हे त्यांनी नेमके हेरले आणि मृत बालकाच्या लाळग्रंथीतील विषाणू मानवी पेशींत वाढवला. त्यांचा निबंध प्रथम नाकारला गेला, कारण हा मानवी विषाणू नसून प्रयोगशाळेतील उंदराच्या विषाणूची भेसळ असावी अशी शंका घेण्यात आली. शंका अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. पण उंदराचा विषाणू मानवी पेशींत वाढत नाही, हेच तर त्या सांगत होत्या. १९५६ मध्ये त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले.

बेथेस्डा येथे वॉलेस रो आणि त्यांचे सहकारी मुलांच्या काढून टाकलेल्या ॲडेनॉइड ग्रंथींच्या संवर्धनात श्वसनमार्गाचे विषाणू शोधत होते. दीर्घकाळ ठेवलेल्या काही संवर्धनांत पेशी आपोआप फुगून नष्ट होताना त्यांना दिसल्या. यातूनच सात वर्षांच्या एका मुलीच्या ॲडेनॉइडमधील ‘एडी १६९’ हा वाण मिळाला. तिसरीकडे बॉस्टनमध्ये थॉमस वेलर यांच्याकडे तीन महिन्यांच्या एका आजारी अर्भकाच्या यकृताचा तुकडा आला. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची शंका होती, म्हणून तो संवर्धनात घातला गेला. निघाला मात्र हा विषाणू. १९५७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि १९६० मध्ये वेलर, हॅनशॉ व स्कॉट यांनी ‘सायटोमेगॅलोव्हायरस’ हे नाव सुचवले. तोपर्यंत त्याला ‘लाळग्रंथीचा विषाणू’ म्हणत असत.

म्हणजे एक विषाणू मृत बालकात सापडला, दुसरा आजारी अर्भकात आणि तिसरा केवळ ग्रंथी काढलेल्या मुलीत. विषाणूचा आणि रोगाचा संबंध किती सैल आहे, हे त्याच्या शोधाच्या क्षणीच उघड झाले होते. रो यांच्या गटाने रक्तातील प्रतिपिंड तपासले तेव्हा वयाबरोबर प्रतिपिंडधारकांचे प्रमाण चढत जाते आणि प्रौढांपैकी बहुसंख्यांत ते असतात असे दिसले. वेलर आणि हॅनशॉ यांना आणखी एक गोष्ट आढळली. जन्मतः बाधित बालके रक्तात प्रतिपिंड असूनही महिनोन् महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे मूत्रातून विषाणू टाकत राहतात. अर्थात सहा महिन्यांच्या बालकाच्या मूत्रात विषाणू सापडला, तर तो गर्भाशयातून आला की प्रसूतीच्या वेळी, की नंतर आईच्या दुधातून, हे त्या नमुन्यावरून ठरवता येत नाही. जन्मानंतर बाधित झालेले मूल साधारण तीन आठवड्यांनंतरच विषाणू टाकू लागते. म्हणून जन्मजात संसर्ग सिद्ध करायचा असेल तर नमुना पहिल्या तीन आठवड्यांत घेतलाच पाहिजे, हा नियम पुढे सर्वमान्य झाला. या लेखाच्या अखेरीस या नियमाकडे पुन्हा यावे लागणार आहे.

प्रतिपिंडांची साक्ष

विषाणूचे संवर्धन ही चाचणी म्हणून कष्टाची होती. मानवी फायब्रोब्लास्ट पेशी सतत जोपासाव्या लागत, आणि विषाणू इतका संथ वाढे की उत्तर मिळण्यास एक ते सहा आठवडे लागत. त्या मानाने रक्तातील प्रतिपिंड तपासणे सोपे होते. प्रथम पूरक-बंधन पद्धती वापरली जाई. तीत दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन रक्तनमुन्यांत प्रतिपिंडांचे प्रमाण चौपट झाले, तर संसर्ग ताजा समजत. १९६५ मध्ये फिनलंडमधील क्लेमोला आणि कॅरिआयनेन यांनी याच प्रकारच्या पुराव्यावरून धडधाकट प्रौढांतही या विषाणूने दीर्घकाळ ताप येतो हे दाखवले, आणि रक्तसंक्रमणानंतर येणाऱ्या तापाशीही त्याचा संबंध लवकरच जोडला गेला.

परंतु एकाच नमुन्यावरून ‘केव्हापासून?’ हे सांगता यावे, अशी वैद्यांची निकड होती. आयजीएम जातीचे प्रतिपिंड संसर्गाच्या आरंभी निर्माण होतात आणि वार ओलांडून बाळाकडे जात नाहीत. त्यामुळे बाळाच्या नाळेतील रक्तात ते आढळले तर बाळाला स्वतःला संसर्ग झाला आहे, असे अनुमान निघते. १९६८ मध्ये हॅनशॉ यांच्या गटाने प्रतिदीप्तीवर आधारलेली तशी चाचणी मांडली. पुढे १९७६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात मैलाचा दगड ठरला. नाळेच्या रक्ताच्या ८,६४४ नमुन्यांपैकी ५३ मध्ये हे प्रतिपिंड आढळले. ही मुले जन्मतः निरोगी दिसत होती. शाळेच्या वयापर्यंत त्यांचा पाठपुरावा केल्यावर त्यांच्यात श्रवणदोष आणि शालेय अपयश यांचे प्रमाण अधिक असल्याचे दिसले. चाचणी झाली नसती तर या मुलांच्या बहिरेपणाचे कारण कधीच कळले नसते. चाचणीमुळे रोगाची व्याख्याच विस्तारली, याचे हे उत्तम उदाहरण होय.

१९७१ मध्ये स्वीडनमधील एंगवाल आणि पर्लमन यांनी एलायझा तंत्र मांडले आणि त्या दशकातच ते या विषाणूसाठीही वापरात आले. छोट्या खळग्यांच्या प्लास्टिकच्या तबकडीत एका वेळी शेकडो नमुने तपासता येऊ लागले. चाचणी मोठ्या संशोधनसंस्थांतून बाहेर पडून गावोगावच्या प्रयोगशाळांत पोहोचली ती या टप्प्यावर. मात्र आयजीएमची साक्ष फार विश्वासार्ह नव्हती. संधिवाताशी निगडित घटकामुळे ती खोटी होकारार्थी येते, सुप्त विषाणू पुन्हा जागा झाल्यावरही येते आणि काही व्यक्तींत पहिल्या संसर्गानंतर कित्येक महिने रेंगाळते. यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकात ‘ॲव्हिडिटी’ चाचणी आली. नवे प्रतिपिंड प्रतिजनाला सैल धरतात, जुने घट्ट धरतात, या साध्या निरीक्षणावर ती आधारलेली आहे. पकड सैल असल्यास संसर्ग गेल्या तीन-चार महिन्यांतला समजतात. इटलीतील बोलोन्या येथील लाझारोत्तो यांच्या गटाने गर्भवतींसाठी तिचा पद्धतशीर वापर केला.

शस्त्रक्रियागृहाची घाई

१९६० नंतर मूत्रपिंड-प्रत्यारोपण वाढले आणि चाचणीपुढे वेगळाच पेच उभा राहिला. प्रत्यारोपणानंतर काही आठवड्यांनी रुग्णाला ताप येतो. शरीर नवा अवयव नाकारत असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वाढवायची असतात. विषाणू बळावला असेल तर तीच औषधे कमी करायची असतात. चुकीच्या दिशेने उचललेले पाऊल अवयव किंवा रुग्ण गमावण्यास पुरेसे असते. सहा आठवड्यांनी येणारे उत्तर येथे काय कामाचे?

१९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रतिजनाला नेमके ओळखणारे एकजिनसी प्रतिपिंड बनवण्याची युक्ती शोधली होती. १९८४ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ग्लीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी तिचा उपयोग केला. रुग्णाचा नमुना पेशींच्या छोट्या कुपीवर ओतून ती कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये मंद गतीने फिरवायची, म्हणजे विषाणू पेशींत लवकर शिरतो. मग पेशी फुगण्याची वाट न पाहता विषाणूची आरंभीची प्रथिने या प्रतिपिंडांनी शोधायची. आठवड्यांचे काम दीड दिवसावर आले. १९८८ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे त्याहून पुढचे पाऊल पडले. तेथे रुग्णाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींतच विषाणूचे प्रतिजन दिसले. ठरावीक संख्येच्या पेशींमागे किती पेशी रंगल्या हे मोजता येत असल्याने ‘आहे की नाही’ याऐवजी ‘किती आहे’ असे उत्तर प्रथमच मिळू लागले. ज्या प्रतिजनावर ही चाचणी उभी होती तो प्रारंभी भलताच समजला गेला होता. तो पीपी६५ हे प्रथिन असल्याचे मागाहून निष्पन्न झाले. चाचणी तोवर रुग्णांच्या उपयोगी पडू लागली होती. तिची अडचण निराळीच होती. रक्त काही तासांतच प्रयोगशाळेत पोहोचून तपासले जावे लागे, त्यामुळे दूरगावच्या रुग्णाला तिचा लाभ नव्हता.

१९८९ मध्ये गॅन्सिक्लोव्हिर या औषधाला अमेरिकेत एड्स रुग्णांच्या दृष्टिपटलाच्या आजारासाठी मान्यता मिळाली. उपचार उपलब्ध झाल्यावर वेळेवर आणि मोजून दिलेल्या उत्तराचे मोल साहजिकच वाढले.

मोजमापाचे एकमत

पीसीआर तंत्र आले आणि १९८८ मध्येच डेमलर व सहकाऱ्यांनी नवजात अर्भकांच्या मूत्रातील विषाणूचा डीएनए त्याने ओळखून दाखवला. येथे अडचण उलट्या बाजूने आली. जुन्या चाचण्यांना विषाणू सापडत नसे; ही चाचणी इतकी संवेदनशील की निरुपद्रवी, सुप्त विषाणूचा मागमूसही ती टिपू शके. म्हणून डीएनएचे प्रमाण मोजणे अपरिहार्य ठरले. पण प्रत्येक प्रयोगशाळेचे माप वेगळे होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत अमेरिका, कॅनडा व युरोपातील ३३ प्रयोगशाळांना तेच नमुने पाठवले असता काही नमुन्यांच्या उत्तरांत दहा हजार पटींहून अधिक तफावत आली. एका शहरात औषध सुरू करण्याजोगा ठरणारा आकडा दुसऱ्या शहरात दुर्लक्षणीय ठरावा, अशी ही स्थिती होती. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरवून दिले. त्यासाठी ‘मर्लिन’ हा वाण निवडण्यात आला. कार्डिफ येथील एका जन्मजात बाधित अर्भकाच्या मूत्रातून तो मिळाला होता. एका कुपीत ५० लाख आंतरराष्ट्रीय एकके, असे ते माप आहे. तरीही रक्तद्रव आणि संपूर्ण रक्त यांतील आकडे परस्परांशी जुळत नाहीत, हे वैद्यांना आजही ध्यानात ठेवावे लागते.

बेथेस्डाच्या मुलीकडून आलेला एडी १६९ वाण दशकानुदशके चाचण्यांचा आधार होता. १९९० मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला. १९९६ मध्ये असे आढळले की, प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढताना या वाणाने आपल्या जनुकसंचाचा बराच मोठा भाग गमावला आहे. ज्याला आपण नमुनेदार विषाणू मानत होतो तो प्रयोगशाळेत माणसाळलेला विषाणू होता.

तीन आठवड्यांची मुदत आणि भारतीय संदर्भ

१९७१ मध्ये अमेरिकेतील आंद्रे नाहमियास यांनी ‘टॉर्च’ हे आद्याक्षरी नाव रूढ केले. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस आणि हर्पिस या संसर्गांची लक्षणे नवजात अर्भकात सारखी दिसतात, तेव्हा अशा आजारी अर्भकाच्या बाबतीत या सर्वांचा विचार व्हावा, हा त्यामागील हेतू होता. आपल्याकडे हे नाव घरोघरी पोहोचले ते मात्र वेगळ्याच निमित्ताने. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीच्या तपासणीचा भाग म्हणून ‘टॉर्च’ चाचणी सांगण्याची पद्धत भारतात पडली. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांच्या फाइलीत हा कागद सापडेल. त्यावर सायटोमेगॅलोव्हायरससमोर ‘पॉझिटिव्ह’ असा शिक्का असतो आणि त्याचा अर्थ ‘दोष सुनेत आहे’ असा लावला जातो.

आता वरील इतिहासाच्या प्रकाशात हा कागद वाचून पाहावा. भारतातील प्रौढ स्त्रियांपैकी फार मोठ्या बहुसंख्येला हा संसर्ग बालपणीच होऊन गेलेला असतो. त्यांच्यात आयजीजी प्रतिपिंड आढळणे म्हणजे कोल आणि कटनर यांच्या प्रौढ गिनिपिगांत मोठ्या पेशी आढळण्यासारखेच आहे. त्यातून गर्भपाताचे कारण निघत नाही. एकट्या आयजीएमच्या साक्षीचे दोष वर सांगितलेच आहेत. इंग्लंडच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०११ च्या मार्गदर्शिकेत वारंवार गर्भपाताच्या तपासणीत टॉर्च चाचणीचा उपयोग होत नाही असे स्पष्ट नमूद केले आहे. चाचणी तांत्रिकदृष्ट्या अचूक असते, रसायने चांगली असतात, यंत्र नीट चालते. प्रश्न तेवढा चुकीचा असतो. त्या उत्तराचा भार मात्र घरातील एकाच व्यक्तीवर पडतो, याची नोंद इतिहासाच्या अभ्यासकाने तरी घेतली पाहिजे.

याउलट, जेथे चाचणी खरोखर उपयोगी आहे तेथे ती होत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दार आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एका निमशहरी वस्तीतील नवजात अर्भकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील माता जवळजवळ सर्वच प्रतिपिंडधारक होत्या. पाश्चात्त्य ग्रंथांतील जुन्या समजुतीप्रमाणे अशा मातांची बाळे सुरक्षित मानली जात. प्रत्यक्षात सुमारे २ टक्के अर्भके जन्मतः बाधित आढळली. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, सुमारे ३५ हजार अर्भकांत, हे प्रमाण अर्धा टक्का होते. म्हणजे ज्या मातांच्या चाचणीतून काहीच कळत नाही, त्यांच्याच बाळांची चाचणी अत्यंत आवश्यक आहे.

त्या अमेरिकन अभ्यासाने बाळाच्या लाळेवरील पीसीआर चाचणी ९७ टक्क्यांहून अधिक बाधित अर्भके ओळखते हे सिद्ध केले. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की नमुना मिळतो. आईच्या दुधातील विषाणूने घोटाळा होऊ नये म्हणून होकारार्थी उत्तराची मूत्रावर खातरजमा करतात. टाचेतून घेऊन कागदावर वाळवलेला रक्ताचा थेंब मात्र २०१० च्या अभ्यासात फार कमी पडला होता. बाधितांपैकी जेमतेम एक तृतीयांश त्यातून ओळखले गेले. तंत्र सुधारल्यावर कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने २०१९ मध्ये आणि अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २०२३ मध्ये याच वाळलेल्या थेंबावर सर्व नवजातांची तपासणी सुरू केली. जन्मतः लक्षणे असलेल्या अर्भकांना पहिल्या महिन्यात औषध सुरू करून ते सहा महिने दिल्यास श्रवणशक्ती काही प्रमाणात टिकते, असे २०१५ मधील चाचणीत दिसले आहे. औषध न दिले तरी कोणत्या मुलाचे कान वारंवार तपासायचे हे तरी समजते, कारण या विषाणूचा बहिरेपणा पुष्कळदा जन्मानंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी येतो.

२०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. त्यातील आजारांच्या यादीत जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. अंगणवाडीत किंवा शाळेत आलेल्या पथकाला दोन-तीन वर्षांचे मूल ऐकत नाही असे आढळते, ते पुढे तपासणीसाठी पाठवले जाते, आणि आईला विचारले जाते की गरोदरपणी काही झाले होते का. तिला सांगण्यासारखे काही नसते, कारण या संसर्गात बहुधा काही जाणवतच नाही. त्या मुलाच्या मूत्रात आज विषाणू सापडला तरी तो केव्हाचा हे सांगता येणार नाही. तीन आठवड्यांची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. जपान आणि इटलीतील संशोधकांनी १९९० च्या दशकात यावर एक मार्ग काढला होता. जन्माच्या वेळी इतर आजारांच्या तपासणीसाठी जपून ठेवलेला टाचेच्या रक्ताचा कागद कपाटातून काढायचा आणि त्यातला डीएनए वर्षांनंतर तपासायचा. गोव्यासारख्या राज्याने २००८ मध्ये नवजातांच्या रक्ततपासणीचा कार्यक्रम हाती घेतला होता. पालघरच्या त्या मुलाच्या बाबतीत, आणि आपल्याकडील बहुतेक मुलांच्या बाबतीत, असा कागद कोणी घेतलेलाच नसतो. आईच्या फाइलीत टॉर्चचा अहवाल तेवढा असतो.